जुनी घंटा कुठली, किती जुनी आणि खरी का? सातारा-सांगलीकरांचे वारंवार येणारे प्रश्न

देवघरातली, वाड्याच्या माळ्यावरची, सभामंडपात टांगलेली, शेत नांगरताना निघालेली, अशा सगळ्या घंटांबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घंटेच्या भागांसाठी पुढे हेच शब्द वापरले आहेत: वर अडकवायची ती कडी, कडीखालचा उतार म्हणजे खांदा, मधला भाग पोट, खालचा जाड काठ म्हणजे ओठ आणि आतून आपटतो तो लोलक.

१. घरात जुनी घंटा सापडली. सगळ्यात आधी काय करायचं?

घासायची नाही, हे पहिलं. चिंच, लिंबू, राख, पॉलिश यांतलं काहीही लावलं की पृष्ठभागावरचा पुरावा जातो आणि तो परत येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने नुसती धूळ झाडा.

मग फोटो काढा. दिवसा उजेडात चारही बाजूंनी, आतून आणि कडीजवळून. अक्षरं असतील तर रात्री दिवे घालवून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. दुपारी न दिसलेली ओळ सावलीमुळे उठून दिसते. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासून ठसाही घ्या.

नंतर मापं: ओठाचा बाहेरून बाहेरपर्यंत व्यास, कडी सोडून उंची आणि ओठाची जाडी (व्हर्निअरने). वजनासाठी हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पेढीवरचा काटा उत्तम, घरचा बाथरूमचा काटा नको.

२. वजनावरून काही कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. जाड ओठाच्या युरोपीय घाटाच्या घंटेचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा घन करा आणि ६०० ने गुणा, साधारण किलो मिळतात. अर्ध्या मीटरच्या घंटेला ७५ किलो, एक मीटरच्या घंटेला ६०० किलोच्या आसपास. त्या घंटांचा ओठ व्यासाच्या साधारण तेराव्या हिश्शाइतका जाड असतो. देशी देवळातल्या घंटा पातळ ओततात, त्यामुळे त्या हलक्या भरतात. म्हणून ‘चर्चची घंटा’ म्हणून दाखवलेली अर्ध्या मीटरची घंटा ३० किलो भरली, तर घाट युरोपीय पण ओतकाम नंतरचं असा संशय घ्यायला हरकत नाही.

पाण्यात बुडवून घनता काढायचा उपाय इथे उपयोगी नाही. कांसं आणि पितळ दोन्ही पाण्याच्या साडेआठ पटींच्या आसपास जड असतात.

३. कांसं आहे की पितळ, घरच्या घरी कसं ओळखायचं?

कांसं म्हणजे तांबं आणि कथील. घंटेच्या कांशात तांबं साधारण ७८ ते ८० टक्के आणि बाकी बहुतेक कथील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.

घंटेच्या आत, खांद्याजवळ, जिथे कोणी पाहत नाही तिथे बारीक कानशीचे दोन हात मारा, तांदळाच्या दाण्याएवढी जागा पुरे. पितळ असेल तर पिवळाधमक रंग दिसतो आणि कीस जरा मऊ येतो. कांशाचा ताजा रंग फिकट, किंचित करडा असतो आणि कीस ठिसूळ, रव्यासारखा पडतो.

आवाजही ऐका. घंटा दोरीने मोकळी टांगा आणि लाकडी हातोडीने ओठावर हलका टोला द्या. कांशाचा नाद लांबतो आणि एकाच आवाजात दोन-तीन सूर वेगळे ऐकू येतात. पितळेचा लवकर विझतो. मात्र घंटा हातात धरून किंवा जमिनीवर ठेवून वाजवली तर कुठलीही घंटा पितळेसारखीच बोलते. नाद खरखरीत फुटत असेल तर तडा शोधा, तो बहुधा ओठापासून वर जातो.

४. ‘पंचधातूची आहे’ असं म्हणतात. म्हणजे जुनी का?

नाही. पंचधातू हा बहुतेक वेळा दान देणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा शब्द असतो, ओतारी धातू मोजून घालतो तो वेगळा. आजही कोणत्याही नव्या घंटेला तो शब्द लावतात. वयाशी त्याचा संबंध नाही.

५. चुंबक चिकटला. म्हणजे नकली ना?

बहुतेक वेळा होय, लोखंडावर पितळी मुलामा असतो. पण घाई नको. १९व्या शतकाच्या दुसऱ्या अर्धात शेफिल्डच्या नेलर व्हिकर्स कारखान्याने ओतीव पोलादाच्या घंटा केल्या. त्यांना चुंबक चिकटतो आणि तरी त्या खऱ्या आणि जुन्या असतात. अशा घंटेवर कारखान्याचं नाव, शेफिल्ड आणि पेटंटचा उल्लेख उठावात ओतलेला असतो, कोरलेला नसतो.

उलट बाजूने, फक्त लोलकाला किंवा कडीतल्या आकड्याला चुंबक चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही. लोलक पूर्वीपासून लोखंडीच असतात.

६. सराफाकडच्या मशीनवर तपासली तर चालेल का?

विट्याच्या गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांकडे किंवा सराफकट्ट्यावर क्ष-किरणांनी सोनं तपासायचं मशीन असतं. ते सोन्या-चांदीसाठी बसवलेलं असतं. तांबं सापडेल, पण कथील आणि जस्ताचे आकडे कितपत धरायचे ते मशीन चालवणाऱ्याला स्पष्ट विचारा. शिवाय किरण वरच्या पातळ थरातलंच वाचतात. जुन्या घंटेच्या गंजलेल्या थरात धातूंचं प्रमाण आतल्यापेक्षा वेगळं असतं. म्हणून प्रश्न ३ मधल्या कानशीच्या खुणेवरच वाचन घ्या आणि तीन वेगवेगळ्या जागी घ्या. तिन्ही आकडे फार वेगळे आले तर कडी किंवा एखादा तुकडा नंतर जोडलेला असू शकतो.

७. रिपोर्टमध्ये जस्त जास्त आहे. दुकानदार म्हणतो, नवी आहे. बरोबर?

हे युरोपच्या पुस्तकातून उचललेलं अर्धं सत्य आहे. तिकडे पूर्वी तांब्याबरोबर जस्ताची खनिजं भाजून पितळ करत. त्या पद्धतीत जस्त २८ टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणून त्याहून जास्त जस्त दिसलं की तिकडचे जाणकार नंतरचा काळ सांगतात. आपल्याकडे राजस्थानात जावर इथे मध्ययुगापासून शुद्ध जस्त गाळत होते. ते थेट मिसळता येतं. त्यामुळे नुसत्या जस्तावरून इथली घंटा नवी ठरत नाही.

ॲल्युमिनियमचं मात्र वेगळं. ते कारखान्यात स्वस्तात निघू लागलं १८८६ नंतर. धातूत ॲल्युमिनियम मिसळलेलं आढळलं, तर शिवकाल-पेशवाईच्या गोष्टी तिथेच थांबवा. भंगारातला नळ, मोटारीचा भाग असं काही वितळवून ओतलेली ती घंटा असते. फक्त ते वाचन मातीचं नाही ना, हे पाहा. मातीतही ॲल्युमिनियम असतं.

८. आमच्या देवळातली घंटा चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली आहे असं सांगतात. खात्री कशी करायची?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली आणि त्या मोहिमेतल्या चर्चच्या घंटा देवळांना दिल्या गेल्या, हे खरं आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, वजन सुमारे ६५० किलो. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ आहे. (मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात ती हीच.) पण या थोड्या घंटांच्या पुण्याईवर शेकडो देवळांत ‘वसईची घंटा’ सांगितली जाते.

तपासा ते असं. वर एक कडी नसून मुकुटासारखे अनेक कान असतात, लाकडी तुळईला पट्ट्यांनी आवळण्यासाठी. पोटावर उठावातला क्रूस असतो, पुष्कळदा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा. मेरीची आकृती, येशूच्या नावाची आय-एच-एस ही रोमन अक्षरं, खांद्याभोवती लॅटिन किंवा पोर्तुगीज ओळ. हे सगळं ओतलेलं पाहिजे, छिन्नीने कोरलेलं नव्हे (प्रश्न १० पाहा).

आणि सोपी वजाबाकी: घंटेवर ओतलेलं साल १७३९ नंतरचं असेल तर ती त्या मोहिमेतली असूच शकत नाही.

९. क्रूस आहे, साल नाही. मग वसईचीच ना?

क्रूस म्हणजे वसई, असं समीकरण नाही. गोव्याहून व्यापाराने किंवा भेट म्हणून आलेली घंटा असू शकते. साताऱ्यात, मिरजेत मिशनऱ्यांची कामं होती, पाचगणी-महाबळेश्वरला इंग्रजी चर्च आहेत, तिथली जुनी घंटा बदलल्यावर बाहेर पडलेली असू शकते. पोर्तुगीज घंटेवर लॅटिन-पोर्तुगीज अक्षरं आणि मेरी, प्रॉटेस्टंट मिशनच्या घंटेवर बहुधा कारखान्याचं नाव आणि इंग्रजी मजकूर, हा पहिला ढोबळ भेद.

मूळ कुठलं आणि इथे कधी आली, हेही दोन वेगळे प्रश्न. मेणवली नाना फडणवीसांची, आणि नानांचा जन्मच १७४२ चा. वसई पडल्यानंतरचा. म्हणजे तिथल्या घंटेचाही वसई ते मेणवली हा प्रवास एका दमात झालेला नाही.

१०. अक्षरं आहेत. ती मूळची की नंतरची?

बोट फिरवा. वर उठलेली अक्षरं साच्यातच असतात, म्हणजे घंटेच्या जन्माबरोबरची. खोल गेलेली अक्षरं नंतर केव्हाही कोरता येतात. एकाच घंटेवर दोन्ही असू शकतात: उठावातलं कारखान्याचं साल आणि कोरलेलं दात्याचं नाव. तेव्हा दोन वेगळी सालं दिसली म्हणजे लबाडी असं नाही.

कोरीव अक्षर भिंगातून बघा. छिन्नीची रेघ व्ही-आकाराची, टोल्याटोल्याने पुढे गेलेली आणि कडेला धातू किंचित उचललेला असतो. मशीनने कोरलेली रेघ सगळीकडे सारख्या खोलीची आणि टोकाला गोल. रेघेच्या तळाचा रंगही बाहेरच्यासारखाच जुना हवा. बाहेर काळी घंटा आणि अक्षरांत पिवळा चकाकता धातू, हे कालचं काम.

मजकूरही बोलतो. ‘चरणी तत्पर’, ‘निरंतर’ हा जुना थाट. ‘यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’ आणि पुढे ‘दि.’ लावून तारीख हा २०व्या शतकाचा.

११. रोमन अक्षरं उलटी आहेत. अडाण्याने केलेली नक्कल?

तसं नाही. अक्षरांचे ठसे साच्यात उलटे दाबावे लागतात आणि एन किंवा एस हमखास उलटा बसतो. युरोपातल्या अस्सल घंटांवरही हे आहे. यू च्या जागी व्ही असणं हेही लॅटिन लेखनातलं नेहमीचंच.

१२. शके घातलेला आहे. इसवी सन कसा काढायचा, आणि खोटा शके पकडता येतो का?

शकेत ७८ मिळवा. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची, म्हणजे इंग्रजी जानेवारीनंतरची असेल तर ७९. विक्रम संवत असेल तर ५७ किंवा ५६ वजा. राज्याभिषेक शक असेल तर १६७३ किंवा १६७४ मिळवा. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे अरबी शब्द असतील तर तो शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदपत्रांतली एक कालगणना: २, ७०, १०० आणि १०००, मिळून ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१ (पुढच्या जानेवारीपासून ६००).

खोटा पकडायचा तर संवत्सराचं नाव बघा. शकेत १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शके १७०० घ्या: १७१२ भागिले ६०, बाकी ३२, म्हणजे विलंबी. घंटेवर ‘शके १७०० विलंबीनाम संवत्सरे’ असेल तर मेळ बसला. तिथे दुसरंच काही नाव असेल तर कोरणाऱ्याने पंचांग न बघता शोभेसाठी नाव घातलंय. एका घराचा फरक मात्र माफ करा, गत (संपलेलं) आणि चालू वर्ष मोजण्यात तेवढा घोळ जुन्या लोकांचाही होतो. उत्तरेकडून आलेल्या, विक्रम संवताच्या घंटेला हे गणित लावू नका. तिथला संवत्सराचा क्रम वेगळा चालतो.

१३. मोडीत लिहिलंय असं वाटतं.

आधी ठसा घ्या (प्रश्न १). दगड-धातूवर पूर्वी बहुतेक बाळबोध (देवनागरी) लिपीच वापरत, मोडी कागदावर. म्हणून ‘मोडी’ वाटणारी अक्षरं पुष्कळदा झिजलेली बाळबोध निघतात. झ, ण, ल, ५, ८, ९ यांची जुनी वळणं आजच्यासारखी नसतात, तिथे गफलत होते.

१४. शाळेची किंवा स्टेशनची इंग्रजी अक्षरांची घंटा आहे. साल नाही.

रेल्वेची आद्याक्षरं हीच तारीख. एम-अँड-एस-एम-आर म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, ती १९०८ मध्ये झाली. मिरजेची लाइन तिची होती. त्याआधीची घंटा असेल तर नुसतं सदर्न मराठा असेल. जी-आय-पी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) दिसलं तर १९५१ च्या आधीची, सी-आर म्हणजे सेंट्रल रेल्वे १९५१ पासूनची. बार्शी लाइट रेल्वेच्या वस्तूही मिरज भागात निघतात.

जहाजाचं नाव आणि साल असलेल्या घंटांपासून जरा लांब राहा. ‘टायटॅनिक १९१२’ लिहिलेल्या पितळी घंटा शोभेसाठी सर्रास बनतात.

१५. हिरवा थर आहे. हा खऱ्या जुनेपणाचा पुरावा?

हिरवा रंग अमोनिया, मीठ-व्हिनेगर किंवा रसायनं लावून आठवड्यात आणता येतो. खरा थर उंचवट्यांवर झिजलेला आणि खोबणीत दाट असतो, कारण हात आणि कापड उंच जागीच लागतं. नकली थर सगळीकडे सारखा, किंवा नेमका हात लागतो तिथेच दाट. कापसाला ॲसिटोन लावून लपलेल्या जागी पुसा. रंग किंवा लाख असेल तर कापूस माखतो.

फिकट हिरवी भुकटी झडत असेल आणि पुसून पुन्हा येत असेल तर तो क्षारांमुळे लागलेला रोग आहे. घंटा कोरड्या जागी ठेवा, आणि पाण्याने धुऊ नका.

१६. घंटा महापुरात बुडाली होती. आता ती ‘जमिनीत पुरलेली’ दिसते.

सांगली, हरिपूर, वाळवा, पलूस भागातल्या वस्तू तपासताना हे आधी विचारावं लागतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक देव्हारे गाळात होते. महिनाभर ओल्या गाळात राहिलेल्या पितळेवर डाग, खड्डे आणि मातीचा थर इतका पक्का बसतो, की जाणताही फसतो. गाळ पाण्यात सुटतो आणि खाली स्वच्छ मशीनकामाच्या खुणा दिसतात. जमिनीत शतकभर राहिलेल्या धातूवर मातीचे कण गंजातच अडकलेले असतात, ब्रशने निघत नाहीत.

१७. घर्षणाच्या खुणांवर किती भरवसा ठेवायचा?

बराच, आमच्या मते सालापेक्षाही जास्त. दोन जागा बघा. ओठाच्या आत, लोलक आपटतो तिथे जुन्या घंटेला समोरासमोर दोन गुळगुळीत उथळ वाट्या पडतात. बनावट खुणा हातोडीच्या, विखुरलेल्या आणि धारदार कडांच्या असतात. दुसरी जागा कडीची आतली बाजू. वजन वर्षानुवर्षं एकाच रेषेवर लोंबतं, म्हणून भोक वरच्या बाजूला लांबट होतं. ओठाच्या वाट्या खोल पण कडी गोल गरगरीत असेल तर कडी बदललेली आहे किंवा गोष्ट बनवलेली आहे.

आतल्या गोल रेघांवरून मात्र काही ठरवू नका, चरकावर (फिरत्या लेथवर) घासायची रीत जुनीच आहे. अर्धगोल, एकमेकांवर पडलेले ओरखडे मात्र ग्राइंडरचे.

१८. कडी वेल्डिंगची आहे, लोलक नटबोल्टाचा. घंटा बाद?

नाही. कडी तुटते, लोलक झिजतो, ते बदलतातच. अंगावरचं ओतकाम जुनं असेल तर घंटा जुनीच, दुरुस्ती नोंदवून ठेवायची, एवढंच. उलट तीनशे वर्षांच्या घंटेला पहिलाच लोलक आहे असं कोणी सांगितलं तर शंका घ्या.

१९. घंटा तडकली म्हणून जुन्याच धातूची पुन्हा ओतली. तिचं वय कोणतं?

सर्वांत अवघड प्रकरण. कांशाला तडा गेला की साध्या जोडकामाने नाद परत येत नाही, त्यामुळे वितळवून नवी ओतणं ही चालत आलेली रीत आहे. ओतारी पुष्कळदा जुना शके आणि जुना दाता नव्या साच्यात जसाच्या तसा घालतो. यात लबाडी नसते. दान जुनं, धातू जुना, ओतकाम नवं. धातूची तपासणी जुनी म्हणेल आणि झीज (प्रश्न १७) नवी म्हणेल. असा विसंवाद दिसला तर देवस्थानच्या जुन्या जमाखर्चात ओतणावळीची नोंद शोधा.

२०. देवघरातली गरुड-हनुमानाची हातघंटी आणि बैलांच्या घाट्या यांनाही हेच नियम?

धातू आणि झिजेचे तेच. पण सालाची अपेक्षा ठेवू नका, त्यावर क्वचितच काही लिहिलेलं असतं. हातघंटीच्या मुठीवरच्या चेहऱ्याकडे बघा: रोजच्या पूजेत नाक आणि पंखांची टोकं आधी झिजतात, मागची बाजू तीक्ष्ण राहते. बेंदराला बांधायच्या घाट्यांना पट्ट्याची झीज कडीत दिसते. उत्तर प्रदेशातल्या जलेसर आणि मुरादाबादहून अशा वस्तू जुनाट रंग देऊन मोठ्या प्रमाणावर येतात. त्या बनावट नव्हेत, नव्या आहेत. बनावट होते ती दुकानदाराच्या तोंडी.

२१. दुकानदार ‘तीनशे वर्षांचं’ सर्टिफिकेट देतोय.

कागदावर मापं, वजन, धातूची टक्केवारी आणि वाचलेली अक्षरं नसतील तर तो कागद पावतीहून जास्त काही नाही.

२२. विकायची असेल किंवा शेतात सापडली असेल तर कायदा काय म्हणतो?

शंभर वर्षांहून जुनी घंटा १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. नोंदणी लागते का, हे नोंदणी अधिकाऱ्याला फोटो दाखवून विचारा, आकृती असलेल्या घंटेबाबत तर नक्कीच. जमिनीत सापडली तर १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या ठेव्याचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. ‘दहा रुपये’ हा आकडा छापाईची चूक नाही, कायदाच तेवढा जुना आहे.

देवळातली घंटा देवस्थानची, पुजाऱ्याची किंवा अध्यक्षांची नव्हे.

२३. विश्वस्तांना जुनी घंटा मोडीत घालून नवी घ्यायची आहे. आधी काय तपासावं?

नवीच हवी असेल तर नवी शेजारी टांगा. तरी मोडीतच द्यायची ठरली, तर वजनकाट्यावर चढवण्याआधी रात्री आडवा टॉर्च, आतून-बाहेरून ठसे, मापं आणि कानशीची एक खूण, एवढं करा. अर्ध्या तासाचं काम आहे. काळ्या तेलकट थराखाली खांद्याभोवतीची ओळ बहुतेक वेळा झाकलेली असते. गरम पाण्यात भिजवलेलं कापड दहा मिनिटं ठेवून हलक्या हाताने पुसलं तर तो थर मऊ होतो (भुकटी झडणाऱ्या घंटेला हे नको, प्रश्न १५ पाहा). ओळ निघाली तर ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा आणि ठसा घेऊन जिल्ह्यातल्या वस्तुसंग्रहालयात किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे जा.